तिसरी खुर्ची : आर्कान्सॉ, १९९२

निवडणुकीच्या दिवसांत जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर एक वाक्य हमखास कानावर पडतं : "अपक्ष ना? दे सिंगल कॉलम." मीही ते कितीदा तरी म्हटलंय. कोण चालणार आणि कोण पडणार हे ठरवायला दहा सेकंद पुरतात. कशावरून ठरवलं, हे कुणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर तयार असतं : अनुभव.

अमेरिकेतल्या एका अपक्षाने मात्र विचारलं. कोर्टात जाऊन विचारलं, साडेपाच वर्षं विचारत राहिला, आणि त्याचं प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तो हरला. निकाल बऱ्याच अंशी बरोबर होता असंच माझं मत आहे. पण डेस्कवरच्या त्या दहा सेकंदांची इतकी बारीक चिरफाड त्या खटल्याच्या कागदांखेरीज मी दुसरीकडे वाचलेली नाही. म्हणून ते प्रकरण जरा नीट उलगडून बघू.

वाहिनी, वेळ आणि दोन खुर्च्या

साल १९९२. आर्कान्सॉचे गव्हर्नर (आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यासारखं पद) बिल क्लिंटन राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते, त्यामुळे एरवी कुणाच्या खिजगणतीत नसलेलं हे राज्य त्या वर्षी रोज बातम्यांत होतं. राज्य सरकारच्या मालकीची एक शैक्षणिक वाहिनी होती, आर्कान्सॉ एज्युकेशनल टेलिव्हिजन कमिशन. पाच केंद्रं, जाहिराती नाहीत. वर आठ सदस्यांचं मंडळ. त्यांची नेमणूक गव्हर्नर करणार, पण एकदा नेमले की आठ वर्षं सबळ कारणाशिवाय काढता येणार नाही, आणि अध्यापन सोडून दुसरं सरकारी पदही त्यांना घेता येणार नाही. कार्यक्रमांचा निर्णय त्यांच्याही हातात नव्हता. तो कार्यकारी संचालक सुसान हॉवर्थ आणि पगारी व्यावसायिक कर्मचारी घेत. पैसा सरकारी, पण राजकारण्यांचा हात शक्य तितका लांब ठेवलेला. आपल्याकडे प्रसार भारती कायदा करताना जे स्वप्न पाहिलं गेलं, ते साधारण असंच होतं.

त्या वर्षी वसंतात कर्मचाऱ्यांनी ठरवलं की नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी पाच चर्चा दाखवायच्या. एक सिनेटच्या जागेसाठी, बाकी चार राज्यातल्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, चार मतदारसंघांसाठी. प्रत्येक चर्चा एक तासाची, त्यातली ५३ मिनिटं प्रश्नोत्तरांची. सल्ल्याला बिल सिमन्स होते, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या आर्कान्सॉ विभागाचे प्रमुख आणि राजकारणाची वर्षानुवर्षं बातमीदारी केलेला माणूस. त्यांनी आणि वाहिनीने मिळून ठरवलं की बोलवायचं ते प्रमुख पक्षांच्या उमेदवारांना, किंवा ज्याच्यामागे भरीव लोकमत आहे अशा कुणालाही. १७ जूनला तिसऱ्या मतदारसंघातल्या रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट उमेदवारांना निमंत्रणं गेली.

हा तिसरा मतदारसंघ म्हणजे राज्याचा वायव्य कोपरा. फोर्ट स्मिथ आणि फेयेटव्हिल ही त्यातली मोठी गावं, बाकी ओझार्कचे डोंगर. इथले रिपब्लिकन खासदार जॉन पॉल हॅमरश्मिट पंचवीसेक वर्षं जागा धरून होते. १९७४ साली त्यांनी पाडलेल्या उमेदवारांपैकी एक अठ्ठावीस वर्षांचा प्राध्यापक होता, बिल क्लिंटन. १९९२ला हॅमरश्मिट निवृत्त होत होते आणि जागा मोकळी होती. मोकळ्या जागेवर काय गर्दी आणि काय चुरस होते, हे आपल्याकडच्या वाचकाला सांगायला नको.

राल्फ फोर्ब्स

ऑगस्टच्या मध्याला या लढतीत तिसरा माणूस आला. कायद्याने मागितलेल्या दोन हजार सह्या जमवून राल्फ फोर्ब्सने अपक्ष म्हणून मतपत्रिकेवर नाव मिळवलं. २४ ऑगस्टला त्याने वाहिनीला पत्र लिहिलं : मलाही चर्चेत बोलवा. ४ सप्टेंबरला हॉवर्थबाईंचं उत्तर आलं की आम्ही प्रामाणिक पत्रकारितेच्या निकषावर विचार केला, आणि आधी बोलावलेल्या दोघांपुरतीच चर्चा ठेवणं प्रेक्षकांच्या हिताचं आहे असं आमचं मत झालं.

आता हा फोर्ब्स कोण? सर्वोच्च न्यायालयाने त्याचं वर्णन सतत वेगवेगळ्या पदांसाठी उभा राहून हरणारा उमेदवार असं केलंय. प्रत्येक तालुक्यात असा एक असतोच. निवडणूक कुठलीही असो, अर्ज भरायला पहिला हजर, निकालाच्या दिवशी डिपॉझिट जप्त. पण फोर्ब्सच्या बाबतीत दोन गोष्टी या चित्रात बसत नाहीत.

पहिली वाईट आहे. हा माणूस पूर्वी अमेरिकन नाझी पक्षात होता, आणि कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेचा माजी म्होरक्या डेव्हिड ड्यूक १९८८ साली राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला तेव्हा त्याच्या प्रचाराची धुरा फोर्ब्सकडे होती. अशा माणसाच्या बाजूने चार शब्द लिहिताना हात अडखळतो, आणि अडखळावाच.

दुसरी आकड्यांची आहे. अवघ्या दोन वर्षांपूर्वी, १९९० साली, उपगव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन पक्षांतर्गत तिरंगी निवडणूक झाली होती. तिच्यात फोर्ब्सला राज्यभरात ४६.८८ टक्के मतं पडली. पुढे दुसऱ्या फेरीत तो हरला, पण पहिल्या फेरीत या तिसऱ्या मतदारसंघातल्या १६ कौंट्यांपैकी (कौंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग) १५ त्याने निर्विवाद बहुमताने जिंकल्या होत्या. म्हणजे ज्या भागासाठी चर्चा होती, तिथल्या रिपब्लिकन मतदारांना हा माणूस चांगलाच ठाऊक होता. त्यांतल्या बहुसंख्यांनी त्याच्या नावापुढे खूण केली होती.

१९ ऑक्टोबरला फोर्ब्स न्यायालयात गेला. मला चर्चेत घेण्याचा हुकूम द्या, ही मागणी फेटाळली गेली. २२ ऑक्टोबरला चर्चा झाली : रिपब्लिकन टिम हचिन्सन आणि डेमोक्रॅट जॉन व्हॅनविंकल. खुर्च्या दोनच.

योगायोग असा की १९ ऑक्टोबरलाच संध्याकाळी मिशिगनमध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची तिसरी चर्चा होती, आणि तिथे खुर्च्या तीन होत्या. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश, क्लिंटन आणि अपक्ष अब्जाधीश रॉस पेरो. पेरोने जुलैत माघार घेतली होती आणि १ ऑक्टोबरला पुन्हा रिंगणात उडी मारली होती. स्वतःच्या पैशातून टीव्हीवर अर्धाअर्धा तास विकत घेऊन तो तक्ते दाखवत अर्थव्यवस्था समजावायचा. शेवटी त्याला जवळपास १९ टक्के मतं मिळाली, राज्य मात्र एकही नाही. पेरो 'गंभीर उमेदवार' ठरला यात पैशाचा वाटा किती, आणि फोर्ब्सकडे तेवढा पैसा असता तर त्याच्या पत्राला काय उत्तर आलं असतं, हा विचार मनातून जात नाही.

पाच कारणं

खटला उभा राहिला तेव्हा वाहिनीच्या माणसांना साक्षीत सांगावं लागलं की फोर्ब्स 'गंभीर' नाही हे तुम्ही कशावरून ठरवलं. पाच कारणं समोर आली. ती वाचताना मला माझ्याच डेस्कवरचे सहकारी बोलताना ऐकू आले.

मतदार त्याला गंभीर मानत नाहीत, हे पहिलं. दुसरं, इतर वृत्तमाध्यमंही मानत नाहीत. तिसरं, निकालाच्या रात्री असोसिएटेड प्रेस आणि निकाल पुरवणारी एक राष्ट्रीय सेवा त्याचं नावसुद्धा देणार नाहीत. चौथं, त्याच्याकडे पैसा दिसत नाही, निवडणूक निधीचे हिशेब त्याने ना राज्याकडे दिलेत ना केंद्रीय निवडणूक आयोगाकडे. आणि पाचवं, प्रचार कार्यालय म्हणावं असं काही नाही, घरातूनच सगळं चालतं.

पाचव्यावर हसू आलं. घराच्या ओट्यावर सतरंजी अंथरून जिंकलेले नगरसेवक, सरपंच, एखाद-दुसरा आमदारसुद्धा आपण पाहिलाय. चौथ्यात तथ्य आहे. पैसा नसलेला उमेदवार वाईट असतो असं नाही, पण लोक खिशात हात घालतात का हा पाठिंबा मोजायचा एक ढोबळ मार्ग आहेच.

गोम आहे ती पहिल्या तीन कारणांत. मतदार गंभीर मानत नाहीत, हा तर सिद्ध करायचा निष्कर्ष. तोच पुरावा म्हणून मांडलाय. इतर माध्यमं त्याची बातमी देत नाहीत, म्हणून आम्ही देत नाही. आणि इतर माध्यमांना विचारलं तर तीही हेच सांगणार. निकालाच्या रात्रीच्या तक्त्यात नाव नसणार, हा तर कळस. तो तक्ता कोण लावणार होतं? असोसिएटेड प्रेस. आणि कुणाला बोलवायचं याचा निकष ठरवायला वाहिनीच्या शेजारी कोण बसलं होतं? असोसिएटेड प्रेसच्या राज्य विभागाचे प्रमुख. यात कारस्थान नव्हतं, सिमन्स सज्जन पत्रकार होते, आणि ज्यूरीनेही पुढे कुणाचा हेतू वाईट ठरवला नाही. पण छोट्या राज्यात राजकारण कळणारे पत्रकार दहा-बाराच असतात. ते एकमेकांचं वाचतात, एकाच सभेला जातात, एकाच टपरीवर चहा पितात. त्यांच्यातल्या एकाचं मत उरलेल्या अकरांच्या मताचा पुरावा म्हणून वापरलं, तर आरशासमोर आरसा धरल्यासारखं होतं.

आणि १९९०चे ४६.८८ टक्के? पाच कारणांत ते नव्हतेच.

कायदा काय म्हणत होता

'सर्वांना समान वेळ' हा अमेरिकेत जुना नियम आहे. दळणवळण कायद्याचं ३१५ वं कलम सांगतं की प्रसारकाने एका उमेदवाराला वेळ दिला तर त्याच पदाच्या दुसऱ्यालाही द्यावा लागेल. १९५९ साली शिकागोच्या महापौरपदाच्या लढतीत लार डॅली नावाचे गृहस्थ उभे होते. अमेरिकेचं प्रतीक मानल्या जाणाऱ्या अंकल सॅमचा पोशाख घालून फिरायचे, दर निवडणुकीला हजर. महापौर डॅली (आडनावाचा उच्चार जवळजवळ तोच, नातं काही नाही) बातम्यांत दिसले म्हणून लारभाऊंनी बातम्यांतही समान वेळ मागितला, आणि नियामक आयोगाने तो मान्य केला! वाहिन्यांची झोप उडाली. काही महिन्यांतच काँग्रेसने कायदा बदलला आणि खऱ्याखुऱ्या बातम्या, मुलाखती आणि घटनांचं वार्तांकन या नियमातून वगळलं. पुढे १९७५ आणि १९८३च्या आदेशांनी उमेदवारांच्या चर्चाही 'बातमी' ठरल्या, आधी दुसऱ्या संस्थेने भरवलेल्या, मग वाहिनीने स्वतः भरवलेल्याही. म्हणजे फोर्ब्सच्या काळापर्यंत, या कायद्यापुरती तरी, खासगी वाहिनीला वाटेल त्याला बोलवायची मुभा होती.

पण ही वाहिनी सरकारी होती. फोर्ब्सचा मुद्दा नेमका हाच : खासगी संपादकाने मला गाळलं तर तो त्याचा हक्क, सरकारने गाळलं तर ती गळचेपी, आणि भाषणस्वातंत्र्य देणाऱ्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीनुसार तिला बंदी आहे.

जिल्हा न्यायालयाने आधी खटलाच काढून टाकला होता. आठव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे काही राज्यांचा मिळून एक न्यायविभाग) अपील न्यायालयाने १९९४ला तो परत पाठवला. मग ज्यूरीसमोर सुनावणी झाली आणि ज्यूरीने स्वच्छ सांगितलं की फोर्ब्सला गाळण्यामागे ना राजकीय दबाव होता, ना त्याच्या मतांबद्दलचा राग. नाझी भूतकाळ असलेल्या माणसाच्या बाबतीत हे उत्तर महत्त्वाचं आहे. त्याची मतं किळसवाणी म्हणून दार लावलं असतं तर वाहिनी हरली असती. मागे लोक नाहीत म्हणून लावलं, असं ज्यूरीला पटलं.

फोर्ब्सने पुन्हा अपील केलं आणि १९९६ला अपील न्यायालयाने पारडं उलटवलं. निकाल लिहिला न्यायमूर्ती रिचर्ड अरनॉल्ड यांनी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की कायद्याने जो मतपत्रिकेवर आहे त्याला सरकारच्या व्यासपीठावरून हटवायचं तर कारण तसंच भक्कम हवं. कोण 'टिकणारा' आणि कोण नाही हा अंदाज माणसागणिक इतका बदलतो की त्याच्या आधारावर सरकारी सत्ता वापरता येणार नाही. आणि सरकारी पगारावरचा पत्रकार शेवटी सरकारी नोकरच. अरनॉल्ड स्वतः आर्कान्सॉचे. १९६६ आणि १९७२ला डेमोक्रॅटिक पक्षाची काँग्रेसची उमेदवारी मिळवायला ते उतरले आणि दोन्ही वेळा हरले. निकालात हे कुठेच नाही, पण हरणाऱ्याच्या बाजूने इतकी धारदार भाषा वाचताना ते आठवल्यावाचून राहत नाही.

मे १९९८

सर्वोच्च न्यायालयाने १८ मे १९९८ला सहा विरुद्ध तीन अशा मतांनी वाहिनीच्या बाजूने कौल दिला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांचा. त्यांनी आधी एक वाट बंद केली : सरकारी वाहिनी म्हणजे गावचा पार नव्हे, की येईल त्याने उभं राहून बोलावं. काय दाखवायचं हे निवडणं हेच तिचं काम आहे. मग त्यांनी एक वाट थोडी उघडी ठेवली : उमेदवारांची चर्चा मात्र खास असते, कारण तिथे वाहिनी स्वतःचं न सांगता उमेदवारांना बोलू देते, आणि मतदार त्यावर मत बनवतो. म्हणून इथे वाहिनीला दोन अटी. कुणालाही त्याच्या मतांमुळे गाळायचं नाही, आणि गाळण्याला वाजवी कारण असलं पाहिजे. फोर्ब्सला लोकांचा पाठिंबा नव्हता, त्याची भूमिका आड आली नाही, सबब दोन्ही अटी पाळल्या गेल्या.

केनेडींचा सगळ्यात वजनदार मुद्दा व्यवहाराचा होता. त्यांनी दाखवून दिलं की १९८८, १९९२ आणि १९९६ या तिन्ही राष्ट्राध्यक्षीय निवडणुकांत किमान २२ उमेदवार कुठल्या ना कुठल्या राज्यात मतपत्रिकेवर होते. १९९६च्या काँग्रेस निवडणुकीत एका जागेला सहा ते अकरा उमेदवार सर्रास होते. १९९३ला न्यू जर्सीच्या गव्हर्नरपदासाठी मतदारांना पाठवलेल्या पुस्तिकेत १९ जणांची निवेदनं होती. सगळ्यांना बोलवा म्हटलं तर गोंगाट होईल, आणि कुणाला गाळलं तर खटला. अशा कात्रीत सापडलेली वाहिनी चर्चाच रद्द करेल. हे काल्पनिक नव्हतं. अरनॉल्डांच्या निकालानंतर शेजारच्या सर्किटमध्ये नव्हे, त्याच सर्किटमधल्या नेब्रास्काच्या सरकारी वाहिनीने १९९६च्या सिनेट निवडणुकीची ठरलेली चर्चा खरोखरच रद्द केली होती.

हे वाचताना आपल्याला बेळगाव आठवावं. १९९६च्या लोकसभा निवडणुकीत तिथे ४५६ उमेदवार होते, मतपत्रिकेची पुस्तिका झाली होती. आर्कान्सॉची ५३ मिनिटं त्या ४५६ जणांत वाटली असती तर प्रत्येकाच्या वाट्याला सात सेकंद आले असते. नाव, गाव आणि चिन्ह सांगून होईपर्यंत घंटा वाजणार. केनेडींचा मुद्दा मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

पण विरोधी मताचा निकाल वाचल्याशिवाय हे प्रकरण अर्धंच राहतं. तो न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांचा, सोबत सूटर आणि गिन्सबर्ग. सगळ्यांना बोलवा असं स्टीव्हन्सही म्हणत नाहीत. त्यांचं बोट दुसऱ्याच जागेवर आहे : गाळण्याचे निकष आधी कुठे लिहिलेले होते? कुठेच नाही. वेळेवर, तोंडी, माणसं पाहून ठरलं. सभेचा परवाना द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलं तर न्यायालयं तो नियम रद्द करतात. मग इथे मर्जी कशी चालेल? त्यांनी एक खोचक गोष्टही दाखवली. १९९८ला खासगी वाहिनीने अशी चर्चा भरवली असती तर केंद्रीय निवडणूक नियमांप्रमाणे तिला निकष आधी ठरवलेले आणि वस्तुनिष्ठ ठेवावे लागले असते. म्हणजे सरकारी वाहिनीला खासगीपेक्षा जास्त मोकळीक मिळाली.

आणि मग तो आकडा. ३ नोव्हेंबर १९९२च्या निकालात रिपब्लिकन हचिन्सन यांना ५०.२२ टक्के मतं मिळाली, डेमोक्रॅट व्हॅनविंकल यांना ४७.२०. फरक तीन टक्क्यांचा. फोर्ब्सची ओळख होती ती रिपब्लिकन मतदारांत. त्याने हचिन्सन यांच्या शंभर मतांमागे सहा-सात आणखी ओढली असती, तर जागा डेमोक्रॅटांकडे गेली असती. म्हणजे जो माणूस जिंकूच शकत नव्हता, तो कोण जिंकेल हे ठरवू शकत होता.

मला काय वाटतं

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा त्या तीन टक्क्यांत आहे. 'तो जिंकणार नाही' आणि 'तो महत्त्वाचा नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि डेस्कवर आपण ती एकच समजतो. आपल्याकडे मतं खाणारा, पाडणारा, बंडखोर असे शब्द रोज वापरतो. कोण कुणाची मतं खाणार याचे तक्ते निकालाच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या हौसेने छापतो. पण प्रचाराच्या काळात त्या 'मतं खाणाऱ्याचं' म्हणणं काय होतं, हे त्याच अंकांत शोधून सापडत नाही. हचिन्सन-व्हॅनविंकल लढतीत तिसऱ्याचा विषय प्रेक्षकांपुढे आणायला त्याला खुर्ची द्यायलाच हवी होती असं नाही. तिसरा माणूस मतपत्रिकेवर आहे, तो कोण, पूर्वी कुणासोबत होता, १९९०ला त्याला किती मतं पडली, हे दोन मिनिटांत सांगता आलं असतं. नाझी पक्षासकट. लपवल्याने असल्या माणसाचं नुकसान होत नाही, उलट 'मला दाबलं' ही एकमेव खरी तक्रार आपण त्याच्या हातात देतो.

निवडायचा हक्क वाहिनीला हवाच. इथे केनेडी बरोबर. पण निकष लिहिलेले नसल्याने चौथं कारण आणि पाचवं कारण एकाच पंक्तीला बसलं, आणि आरशातल्या आरशाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. इथे स्टीव्हन्स बरोबर. नियम जूनमध्ये कागदावर उतरवायचा ठरवला असता तर 'प्रचार कार्यालय घरात असू नये' हे वाक्य लिहिताना कुणाला तरी लाज वाटली असती.

आता लिहिलेला नियम म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. राष्ट्राध्यक्षीय चर्चा भरवणाऱ्या आयोगाने जानेवारी २०००मध्ये नियम केला : राष्ट्रीय जनमत चाचण्यांत सरासरी १५ टक्के असतील तर या. स्पष्ट, मोजता येणारा, आधी जाहीर केलेला. २००० ते २०२० या काळात त्या मंचावर तिसरा उमेदवार एकदाही चढला नाही. नाव कानावर पडल्याशिवाय चाचणीत टक्के मिळत नाहीत, आणि टक्के मिळाल्याशिवाय नाव कानावर पडायची सर्वांत मोठी जागा मिळत नाही. आपल्याकडे १९९८पासून निवडणूक आयोगाच्या योजनेनुसार दूरदर्शन आणि आकाशवाणीवर मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्य पक्षांना मोफत वेळ मिळतो. थोडा सर्वांना सारखा, उरलेला मागच्या निवडणुकीतल्या कामगिरीवर. अपक्षाच्या वाट्याला शून्य. हाही लिहिलेला नियम आहे, भांडायला निदान कागद तरी आहे.

हे सगळं वाचून झाल्यावर आलेल्या नगरपालिका निवडणुकीत मी आमच्या डेस्कसाठी एक पान लिहिलं. अर्ज भरायच्या आदल्या आठवड्यात, कुणाची नावं कळायच्या आधी. प्रभागातल्या उमेदवाराची स्वतंत्र बातमी कधी करायची, याचे तीन मुद्दे : मागच्या निवडणुकीत त्याला पडलेली मतं विजयातल्या फरकापेक्षा जास्त होती का, प्रभागातल्या एखाद्या प्रश्नावर त्याने आधी कधी ठोस काही केलंय का, मोर्चा, अर्ज, दावा, काहीही, आणि तो शहरात चर्चेत आहे का. पान भिंतीला डकवलं. जो येईल त्याला दाखवायचं.

माघारीच्या मुदतीनंतर एक अपक्ष आला. रिक्षा चालवणारा, वय साठीच्या पुढे. पान उभ्यानेच वाचलं, बोट ठेवून, दोनदा. पहिल्या दोन्हींत तो बसत नव्हता आणि त्याने ते मान्यही केलं. मग तिसऱ्यावर बोट ठेवून म्हणाला, "साहेब, चर्चेत आहे की नाही हे तुम्ही कशावरून बघणार?"

मी म्हटलं, "येतंच की कानावर. पेपरात, इकडंतिकडं."

"पेपर तुमचाच ना?"

तिसरा मुद्दा मी त्याच्यासमोर पेनने खोडला. त्याची बातमी तरीही झाली नाही, पहिल्या दोन्हींत तो बसत नव्हता.